पाटीवरचा आकडा आणि ओझ्याची वाट

विहिरीवर कप्पी टांगलेली आहे. तिच्यावरून दोर टाकून, काठावर उभ्या असलेल्या माणसाला ५० किलोचे ओझे वर ओढायचे आहे. कप्पी ज्या आडव्या तुळईला बांधली आहे, त्या तुळईवर किती भार येईल? ओझे ५० किलोचे, तेव्हा भारही ५० किलोचाच, असे उत्तर पटकन सुचते. प्रत्यक्षात तुळईला १०० किलो पेलावे लागतात. दोराच्या एका टोकाला ओझे खाली खेचते आणि ते तोलण्यासाठी दुसऱ्या टोकाला माणूसही तितक्याच जोराने खालीच ओढतो. या दोन्ही ओढी कप्पीतून तुळईवर उतरतात. कप्पीचे वजन आणि चाकाचे घर्षण आणखी वेगळे. ओझ्यापेक्षा दहा किलो जास्त पेलते म्हणून साठ किलोची तुळई निवडली, तर ओझे जमिनीवरून सुटण्याआधीच ती मोडेल.

या हिशेबात ओझ्याचे वजन बरोबर होते, तुळईची ताकदही बरोबर होती. जोर कुठून निघतो आणि कुठे जाऊन पोचतो, एवढेच पाहायचे राहून गेले. भिवंडीची गोदामे, चाकणचे कारखाने किंवा न्हावा-शेवा बंदराभोवतीची कंटेनर यार्डे येथे माल चढवण्या-उतरवण्याची जी यंत्रे चालतात, त्यांच्या निवडीत हीच चूक वेगवेगळ्या रूपांत होते. प्रत्येक यंत्रावर पाटी असते : एक टन, दोन टन, सहा टन. खरेदी करणारा आपल्या मालाचे वजन त्या आकड्याशी ताडून पाहतो आणि आकडा मोठा दिसला की निश्चिंत होतो. पाटी खोटी नसते. मात्र ती यंत्रापुरते बोलते आणि तेही ठरावीक अटींवर. मालापासून पट्टा, हुक, यंत्र, गर्डर, खांब आणि पाया असा प्रवास करत भार जमिनीत उतरतो. सुरक्षित क्षमता या सगळ्या वाटेची असते, म्हणून निवडीची सुरुवातही वाटेपासून व्हायला हवी. यंत्राचा नंबर शेवटी लागावा.

मोठे यंत्र घेतले की झाले?

चेनब्लॉक म्हणजे दातेरी चाकांच्या साहाय्याने, हाताने साखळी ओढून वजन उचलणारे साधन. त्यातल्या चाकांमुळे एक टन उचलायला माणसाला सुमारे ३०-३५ किलोंचा जोर पुरतो. त्यामुळे विहिरीच्या कप्पीसारखा दुप्पट भार वरच्या गर्डरवर येत नाही. माल, ब्लॉकचे स्वतःचे वजन आणि हाताची ओढ एवढाच येतो. विजेवर चालणाऱ्या हॉइस्टचे गणित वेगळे आहे. तो झटक्याने सुरू होतो आणि झटक्याने थांबतो, आणि तो झटका गर्डरला जास्तीच्या वजनासारखाच जाणवतो. म्हणून इमारतींवरील भारांचे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) विजेच्या क्रेनसाठी स्थिर भारात २५ टक्के वाढ धरायला सांगते आणि हाताने चालणाऱ्या क्रेनसाठी १० टक्के. दोन टनांचा माल आणि ट्रॉलीसह २५० किलोंचा हॉइस्ट असेल, तर गर्डरचा हिशेब २,२५० किलोंवर न थांबता सुमारे २,८०० किलोंपर्यंत जातो. ट्रॉली चालते-थांबते तेव्हा आडवा धक्काही बसतो. त्याची तरतूद वेगळी करावी लागते.

येथे एक सल्ला हमखास मिळतो : एक टनाची गरज असेल तर दोन टनांचा हॉइस्ट घ्या, म्हणजे काळजी नको. सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण गर्डर जुनाच राहणार असेल तर त्याने धोका वाढतो. चांगल्या हॉइस्टमध्ये जादा भार ओळखून उचल थांबवणारी यंत्रणा असते. एक टनाचा हॉइस्ट दीड टनाचा माल उचलायला नकार देईल. दोन टनांचा तो निमूट उचलेल, आणि एक टनासाठी बांधलेला गर्डर वाकेल. आधी वाटेतली सर्वांत कच्ची कडी हॉइस्ट होती आणि ती स्वतःच थांबत होती. आता कच्ची कडी गर्डर झाली आणि तिला थांबवणारे कोणी उरले नाही. शिवाय मोठा हॉइस्ट स्वतःही जड असतो, ते वजन गर्डरवर कायमचे लटकते. यंत्र वाढवायचे तर त्याच्यामागची सगळी वाट वाढवावी लागते.

छताला चेनब्लॉक टांगण्याच्या सवयीचेही असेच आहे. पत्र्याच्या शेडची कैची भक्कम दिसते, पण ती कशासाठी बांधली आहे हे पाहावे. ज्या छतावर माणसांची ये-जा अपेक्षित नाही, अशा कमी उताराच्या छतासाठी याच मानकात चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलो, भार धरलेला असतो. तोही सगळीकडे सारखा पसरलेला. एका बिंदूला टांगलेल्या एक टनाचा विचार त्या हिशेबात कुठेच नसतो. इमारतीचे आराखडे पाहून संरचना अभियंत्याने लेखी होकार दिल्याशिवाय छताला काहीही टांगू नये. नाहीतर जमिनीवर स्वतंत्र खांब आणि गर्डर उभारावेत.

वजनाइतकीच महत्त्वाची असते ती वापराची वारंवारता. एक क्रेन महिन्यातून दोनदा मोटर बदलण्यासाठी वापरली जाते, दुसरी तेवढेच वजन दिवसभर दर पाच मिनिटांनी उचलते. दोघींच्या पाट्यांवर पाच टनच लिहिलेले असेल, पण मोटरचे तापणे, ब्रेकची झीज आणि धातूचा थकवा यांत मोठा फरक पडतो. म्हणून भारतीय मानकांत क्रेनच्या यंत्रणांचे एम१ ते एम८ असे वर्ग केलेले आहेत : एम१ अगदी विरळ वापरासाठी, एम८ अखंड आणि जड कामासाठी. कोटेशन मागवताना टनांसोबत दिवसाच्या फेऱ्या आणि एका फेरीचे सरासरी वजन कळवले नाही, तर पुरवठादार सहसा स्वस्त वर्गाचे यंत्र देतो, आणि तसे देण्यात त्याची काही लबाडीही नसते.

कोन बदलला की भार बदलतो

हुक आणि माल यांच्यामध्ये पट्टे किंवा साखळ्या असतात. एक टनाची पेटी दोन पट्ट्यांनी उचलली तर प्रत्येकावर अर्धा टन येतो, हे फक्त पट्टे सरळ उभे असतील तरच खरे. ते तिरके झाले की प्रत्येक पट्टा पेटीला वर उचलता उचलता आतल्या बाजूलाही ओढू लागतो आणि त्या आडव्या ओढीची किंमत ताणात मोजावी लागते. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ५८० किलो येतात, ४५ अंशांना ७१० किलो आणि ३० अंशांना पूर्ण १,००० किलो. १५ अंशांवर हा ताण १,९३० किलोंपर्यंत जातो. माल तोच, पट्टे तेच. बदलला तो फक्त कोन.

हा दोष बहुतेकदा पट्टा अडकवणाऱ्याच्या माथी मारला जातो. खरे तर कोन किती राहणार हे यंत्र बसवतानाच ठरून गेलेले असते. पेटीवरच्या कड्या एकमेकींपासून दोन मीटरवर असतील, तर ६० अंशांचा कोन मिळण्यासाठी हुक पेटीच्या माथ्यापासून १.७३ मीटर वर जायला हवा. पेटीची उंची दीड मीटर असेल आणि ती दीड मीटर उंचीच्या ट्रकच्या हौद्यावर ठेवायची असेल, तर हुकाला जमिनीपासून पावणेपाच मीटरांपर्यंत पोचावे लागते. हॉइस्ट, ट्रॉली आणि गर्डर यांची जागा त्याच्याही वर. छत बुटके असेल तर कामगारापुढे पट्टे आडवे पसरण्यावाचून दुसरा मार्गच राहत नाही. अशा वेळी पट्टे सरळ उभे राहावेत म्हणून हुकाखाली आडवी दांडी, म्हणजे स्प्रेडर बीम, घ्यावी आणि तिचे वजन हॉइस्टच्या हिशेबात धरावे.

सिंथेटिक पट्ट्यांचा रंग क्षमता सांगतो : जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. हा आकडा सरळ उभ्या उचलीचा असतो. पट्टा मालाभोवती गळफासासारखा आवळला तर क्षमता घटते, आणि लोखंडी पेटीच्या धारदार कडेवरून तो संरक्षणाशिवाय गेला तर रंगाचा काही उपयोग नसतो.

फोर्कलिफ्टचे दोन टन नेहमीच दोन टन नसतात

भरलेली बादली अंगाजवळ धरली तर चालता येते. तीच हात लांब करून धरली तर क्षणात खांदा भरून येतो आणि माणूस पुढे झुकतो. फोर्कलिफ्टच्या बाबतीत खांद्याच्या जागी पुढची चाके असतात. माल त्या चाकांच्या पुढे असतो, गाडीचे स्वतःचे वजन मागे असते, आणि दोन्हींचा तोल त्या चाकांवर साधलेला असतो. म्हणून पाटीवर टनांशेजारी आणखी एक अंतर लिहिलेले असते. पाच टनांच्या आतल्या फोर्कलिफ्टसाठी ते सहसा ५०० मिलिमीटर असते. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या टाचेपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच पाटीवरचे वजन उचलता येते, असा त्याचा अर्थ.

समजा काट्यांची टाच पुढच्या आसापासून ४५० मिलिमीटरवर आहे आणि क्षमता दोन टन आहे. गाडी तोलू शकते तो पुढचा जोर म्हणजे २,००० किलो गुणिले ९५० मिलिमीटर. आता १.४ मीटर लांबीची पेटी घेतली तर तिचा मध्य ७०० मिलिमीटरवर जातो. तोल तेवढाच ठेवायचा तर वजन सुमारे १,६५० किलोंच्या पुढे जाता कामा नये. दोन टनांच्या यंत्रातले साडेतीनशे किलो केवळ पेटी लांब आहे म्हणून गेले. मास्ट उंच नेला, काट्यांना जोडण लावली किंवा उतारावर वळण घेतले की आणखी घट होते. म्हणून फोर्कलिफ्ट निवडताना सर्वांत जड पॅलेट शोधणे पुरेसे नाही. सर्वांत लांब, सर्वांत बेढब आणि सर्वांत उंचावर ठेवायचे पॅलेट कोणते, तेही मोजावे लागते. गोदामातल्या माथाडी कामगारांना आणि फोर्कलिफ्टचालकांना हे तोंडपाठ असते, पण खरेदीच्या बैठकीला त्यांना क्वचितच बोलावले जाते.

डॉक आणि गाडी यांच्यामधली फट

गोदामाचा फलाट, म्हणजे डॉक, सहसा १.२ मीटरच्या आसपास उंच असतो. त्याला लागणाऱ्या गाड्या मात्र सारख्या नसतात. पिकअपचा हौदा ८०-९० सेंटिमीटरवर असतो, कंटेनर ट्रेलरची फळी दीड मीटरजवळ पोचते. शिवाय माल उतरत जातो तशी स्प्रिंगांवरची गाडी हळूहळू वर येते. ही बदलती उंची आणि मधली फट सांधण्यासाठी डॉक लेव्हलर असतो : फलाटात खड्डा करून बसवलेला, मागच्या बाजूला बिजागरीवर हलणारा पोलादी पाट आणि त्याच्या पुढच्या टोकाला गाडीवर टेकणारी जीभ.

लेव्हलरची लांबी जागा किंवा किंमत पाहून ठरवली जाते; ती ठरवायला हवी चढावरून. ईएन १३९८ हे युरोपीय मानक कामाच्या वेळी साडेबारा टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे सात अंशांपर्यंत, उतार मान्य करते. उंचीतला फरक ३० सेंटिमीटर असेल तर अडीच मीटरच्या लेव्हलरवर उतार १२ टक्के होतो आणि काम भागते. दोन मीटरचा घेतला तर तो १५ टक्क्यांवर जातो : पॅलेट ट्रक आवरत नाही, फोर्कलिफ्टचे काटे जमिनीला घासतात, ओल्या पाटावर चाके घसरतात. फरक ४० सेंटिमीटर असेल तर तीन मीटरही पुरत नाहीत. तेव्हा पिकअप आणि ट्रेलर या दोघांना एकाच दारावर भागवण्यापेक्षा बुटक्या गाड्यांसाठी वेगळा, कमी उंचीचा फलाट बांधणे हाच खरा उपाय ठरतो.

क्षमतेचा घोटाळा येथेही होतो. अडीच टनांच्या फोर्कलिफ्टसाठी तीन टनांचा लेव्हलर पुरेल, असे वाटते. पण फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या आसपास भरते आणि मालासह साडेसहा टन पाटावर येतात. त्यातला बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर असतो आणि जिभेच्या सांध्यावरून जाताना धक्काही बसतो. सहा टनांचा लेव्हलरसुद्धा अशा वेळी काठावरचाच ठरतो.

सर्वांत वाईट अपघात मात्र गाडी हलल्यामुळे होतात. गाडी उभी असताना ती का हलावी? फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये शिरून ब्रेक मारते तेव्हा तिची चाके ट्रेलरची फळी पुढे, म्हणजे डॉकपासून दूर, ढकलतात. माल घेऊन मागे निघताना ती वेग घेते तेव्हाही चाकांचा रेटा त्याच दिशेने जातो. डॉककडे ढकलणारे रेटेही असतात, पण तिकडे रबरी बंपर अडवतो. त्यामुळे गाडी सरकते ती एकाच दिशेने, प्रत्येक फेरीला थोडी थोडी. जीभ गाडीवर निदान दहा सेंटिमीटर टेकलेली असावी लागते. ते अंतर दिवसभरात कधी संपले हे कोणालाच कळत नाही. दुसरी शक्यता अशी की आत फोर्कलिफ्ट असतानाच चालक गाडी काढतो. तिसरी, पुढचा घोडा, म्हणजे ओढणारी गाडी, सोडून केवळ पायांवर उभ्या केलेल्या ट्रेलरची. जड फोर्कलिफ्ट त्याच्या पार पुढच्या टोकाला गेली तर ट्रेलर नाकावर आपटू शकतो. चाकांना ठोकळे, गाडी अडकवून ठेवणारा डॉकवरचा हुक, आत-बाहेर लाल-हिरवे दिवे आणि ट्रेलरच्या नाकाखाली आधार यांचे काम हेच. गाडी अचानक निघाली तरी पाट धाडकन कोसळू नये म्हणून हायड्रॉलिक लेव्हलरमध्ये तेलाचा प्रवाह रोखणारी झडप असते. कोटेशनमध्ये ती आहे ना, हे विचारून घ्यावे.

बसवणे म्हणजे बोल्ट आवळणे नव्हे

जिब क्रेन म्हणजे खांबाभोवती फिरणारा आडवा हात. चार मीटरच्या हाताच्या टोकाला एक टन टांगला की खांबाच्या बुडाशी चार टन-मीटरचा उलथवणारा जोर येतो. बुडाच्या पत्र्यावरच्या बोल्टांच्या दोन ओळींत अर्ध्या मीटरचे अंतर असेल तर एका बाजूच्या बोल्टांवर वर उपटणारी ओढ सुमारे आठ टनांची असते. गोदामाची १५-२० सेंटिमीटरची लादी कित्येक टनांची थप्पी सहज पेलते, कारण तो भार खाली दाबणारा असतो. उपटणाऱ्या ओढीसाठी ती केलेली नसते, म्हणून जिब क्रेनला हिशेबाने काढलेला स्वतंत्र पाया लागतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या मुरण्यावर मोजतात. शटरिंग निघाले की क्रेन चढवण्याची घाई महागात पडते. लेव्हलरच्या खड्ड्याच्या लोखंडी कडाही काँक्रीटमध्ये नीट गाडल्या गेल्या नाहीत, तर प्रत्येक गाडीच्या धडकेने त्या थोड्या सुटतात. कोकणपट्टीत खड्ड्याला निचरा नसेल तर पावसाळाभर हायड्रॉलिक यंत्रणा पाण्यात उभी राहते.

बसवल्यानंतर भार-चाचणी होते, सामान्यतः क्षमतेच्या १२५ टक्के वजन टांगून. तीही कुठे घेतली हे पाहावे. गर्डर सर्वांत जास्त वाकतो तो दोन आधारांच्या मधोमध. हॉइस्ट खांबाजवळ उभा करून चाचणी घेतली तर हॉइस्ट तपासला जातो, गर्डर नाही. जिबची चाचणी हाताच्या टोकाशी आणि फिरण्याच्या प्रत्येक दिशेला व्हायला हवी. १९४८च्या कारखाना कायद्याने हीच दृष्टी घालून दिली : कलम २८ मध्ये हॉइस्ट आणि लिफ्ट यांची दर सहा महिन्यांनी, कलम २९ मध्ये उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची निदान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी. क्रेनच्या रुळांवर किंवा जवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येऊ नये, हेही त्याच कलमात होते. पट्टा आणि हुक यांनाही हा कायदा यंत्राइतकेच महत्त्व देत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की यंत्र बनवतानाच भरपूर राखीव ताकद ठेवलेली असते. साखळ्यांमध्ये ती सहसा चौपट आणि सिंथेटिक पट्ट्यांमध्ये सातपट असते. मग थोडे जास्त उचलले तर काय बिघडते? ही राखीव ताकद झीज, झटके, गंज आणि डोळ्यांना न दिसणारे दोष यांच्यासाठी असते. जादा माल उचलून ती वापरली, तर पुढे या गोष्टी आल्यावर द्यायला काही शिल्लक राहत नाही. शिवाय चौपट हा आकडा साखळीचा आहे. फोर्कलिफ्टचा तोल किंवा शेडची कैची यांच्या बाबतीत एवढी मोकळीक अजिबात नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बहुतेक अपघात माणसांच्या निष्काळजीपणाने होतात, तेव्हा पैसा प्रशिक्षणावर घालवावा. प्रशिक्षण हवेच. पण चालक गाडी लवकर काढतो तेव्हा त्याला केबिनमधून डॉक दिसत नसतो, आणि पट्टे आडवे पसरतात तेव्हा वर जागा नसते. माणूस चुकणार हे गृहीत धरून गाडीची किल्ली काम संपेपर्यंत डॉकच्या कार्यालयात ठेवली, तर त्याच चुकीने कोणाचा जीव जात नाही. चांगली मांडणी प्रशिक्षणाला फळ येऊ देते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि लहान गोदामवाल्यासाठी तो खरा आहे. मात्र खर्च कधी होतो ते पाहावे. लेव्हलरची लांबी, खड्ड्याची खोली, हुकाची उंची आणि पायाचा आकार हे निर्णय कागदावर असतात तोवर बदलायला जवळपास फुकट असतात. काँक्रीट ओतल्यावर त्यांतला प्रत्येक बदल तोडफोड मागतो. मोजपट्टी घेऊन आठवडाभर येणाऱ्या गाड्यांची उंची लिहून ठेवायला फारसे काही लागत नाही. त्या वहीशिवाय मागवलेले सर्वांत महाग यंत्रही अंदाजानेच घेतलेले असते.

चौकट : ऑर्डर देण्याआधी

- सर्वांत जड, सर्वांत लांब आणि सर्वांत उंच जाणारा माल यांची मापे वेगवेगळी लिहा. दिवसाच्या फेऱ्याही लिहा.
- डॉकवर येणाऱ्या गाड्यांच्या हौद्याची उंची भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वेळा मोजा. लेव्हलरची लांबी उताराच्या मर्यादेवरून काढा.
- लेव्हलरची क्षमता ठरवताना फोर्कलिफ्ट आणि माल यांच्या वजनाची बेरीज करा.
- हुकाची उंची पट्ट्यांच्या ६० अंशांच्या कोनासह ठरवा. जागा नसेल तर स्प्रेडर बीम घ्या.
- हॉइस्ट बदलण्याआधी गर्डर, खांब आणि पाया यांची क्षमता अभियंत्याकडून लेखी घ्या, आणि वाटेतल्या सर्वांत कमी क्षमतेचा आकडा पाटीवर रंगवा.
- गाडी जागेवरून हलू नये याची सोय लेव्हलरसोबतच मागवा, नंतरवर टाकू नका.
- भार-चाचणी सर्वांत अवघड जागी घ्या. तपासणीच्या तारखा नोंदवहीत आधीच घालून ठेवा.